पाय उचलला की

मावशीनं पेडलवरून पाय उचलला, तरी कानातला डॉक्टर बोलतच राहिला.

"थांबत नाहीये रे हा. सुटलाय नुसता."

भाचा तिच्या शेजारी सरकला. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकून टाइप करायचे, हे मावशीचं काम. टेबलाखालचं पेडल दाबलं की आवाज सुरू, पाय उचलला की बंद. ती ते करायची तो प्रोग्रॅम जुना, आणि त्याला साउंड कार्डही जुनंच लागायचं. नव्या कॉम्प्युटरमध्ये ते नव्हतंच. म्हणून भाच्यानं एक तोतया बसवला होता: साउंड कार्ड असल्याचं सोंग करणारा छोटा प्रोग्रॅम. सोंग चांगलं वठलं होतं. आवाज येत होता. फक्त 'थांब' म्हटलेलं तोतयाला कळत नव्हतं.

"आवाज घेतो, हुकूम घेत नाही," भाचा म्हणाला. "ते लिहायचं राहिलंय."

"जेवायला हजर, कामाला बहिरा. तुझ्यावर गेलाय." मावशीनं हेडफोन काढला. "आज झालं तर ठीक, नाहीतर मी हे काम सोडते बाबा. हात नुसते टाइप करतात. ऐकते मी पायानं."

भाचा खाली मान घालून कोड लिहीत बसला. मधेच चहा आला, गार झाला.

मावशीनं हेडफोन परत चढवला. आता पाय उचलला की डॉक्टर गप्प. मावशी खूश. तिनं पाय पुन्हा टेकवला. डॉक्टरनं दोन शब्द मागे जाऊन सुरू करायचं, तर तो अख्खं वाक्य गिळून पुढे.

"डाव्या गुडघ्याचं काय झालं? मी ऐकलंच नाही."

भाच्यानं डोकं खाजवलं. जुना प्रोग्रॅम तोतयाला विचारत होता, कुठपर्यंत ऐकवलंस? आणि तोतया बिनधास्त ठोकून देत होता, सगळं.

"थापा मारतोय," भाचा म्हणाला. "हातात आलं तेवढं सगळं ऐकवलं म्हणतोय. तुझ्या कानात पोचलं तेवढंच सांगायला हवं."

दोनच ओळी बदलाव्या लागल्या. मावशीनं पाय उचलला, टेकवला. "...डाव्या गुडघ्याला सूज," डॉक्टर म्हणाला. परत उचलला, परत टेकवला. "गुडघ्याला सूज." मावशीची बोटं पळायला लागली.

भाच्याला राहवेना. "अगं, गंमत माहितीये का, आतमध्ये तो प्रोग्रॅम आधी तोतयाला विचारतो की..."

टेबलाखाली मावशीचा पाय वर झाला. भाचा अर्ध्यावरच थांबला.

तिनं ओळ पुरी केली, हेडफोन एका कानावरून सरकवला आणि पाय खाली टेकवला.

"हं, बोल."

"...तोतयाला विचारतो की," भाचा म्हणाला.