टांगलेली इस्त्री

लाँड्रीत दिवसभर जड इस्त्री उचलून खांदा भरून यायचा, म्हणून त्याच्या बायकोने आपली इस्त्री सायकलच्या जुन्या ट्यूबने वरच्या दांडीला टांगली होती. हात सैल सोडला की इस्त्री आपोआप वर जायची. बायको वारल्यावर तिच्या टेबलाशी तो उभा राहू लागला.

"काका, उद्या नव्या कल्पनांना बक्षीस द्यायला मोठे साहेब येतायत. हे लक्तर तेवढं काढा," मॅनेजर म्हणाला.

"तिनं बांधलंय ते."

"काकू होत्या तोवर चालवून घेतलं."

त्याने ट्यूब सोडून खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांना घेऊन मॅनेजर आत आला, तर लाँड्रीतल्या सगळ्या कामगारांच्या टेबलांवर एकूण एक इस्त्री ट्यूबला लटकलेली.

"काका, काढा म्हटलं होतं ना!"


"तिची काढली की, साहेब. या आमच्या आहेत."