थेंबांची बाटली

अर्धांगवायूने सासऱ्यांची वाचा गेली, तेव्हापासून ते दिवसभर मांडीवर मांजर घेऊन खिडकीशी बसत. सून समोर आली की तिच्याकडे बघत सावकाश डोळे मिटायचे आणि तितक्याच सावकाश उघडायचे. डोळे कोरडे पडत असणार, म्हणून सून लगेच बाटली आणून थेंब घालायची. ते निमूट घालून घ्यायचे.

एक दिवस मांजरही तिच्याकडे बघून तस्सं करताना दिसलं. दुखणं घरभर पसरायच्या आत बघितलेलं बरं, म्हणून तिने त्याला टोपलीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळे तपासले. “ठणठणीत आहेत. मांजर असे डोळे कुणाहीपुढे मिटत नाही, बाई. ज्याच्यावर जीव आणि भरवसा आहे, त्याच्यापुढेच मिटतं.”

“मग यावर घालायचं काय?”

“काही नाही. तुम्हीही तसेच मिटून उघडा. त्याला कळतं.”

सुनेने मांजर परत टोपलीत ठेवलं. “आणि माणसाने केलं तर?”

“माणसं मी तपासत नाही.”

ती घरी आली. सासऱ्यांनी तिच्याकडे बघत डोळे मिटले, उघडले आणि सवयीने मान मागे टेकवली. थेंब काही पडेनात, तेव्हा त्यांनी मान सरळ केली. सून समोर बसली होती. तिने सावकाश डोळे मिटले आणि सावकाश उघडले.

नवरा नेमका तेव्हाच दारात आला. “झालं! तुलाही लागलं? थांब, थेंब आणतो.”

“खबरदार त्या बाटलीला हात लावलास तर!”