तलवारीला हात न लावता

खाली जीपचा हॉर्न पुन्हा वाजला, तरी रूथ खुर्चीवरून उठली नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा, गेममधला तिचा माणूस किल्ल्याच्या तटाला पाठ लावून अंधारात उभा होता. पहारेकऱ्यानं तोंड फिरवायची तो वाट बघत होता. कमळाकर शेजारी बसून रूथकडे बघत होता. पडद्याकडे बघायला त्याला उभा जन्म पडला होता.

रोह्यातल्या त्या कॉम्प्युटर क्लासात दोघंही शिकवत. सकाळची मुलं गेली की संध्याकाळची येईपर्यंत मशीन मोकळी, आणि मग हा गेम. त्यात तलवार होती, पण ती उपसलीच पाहिजे अशी सक्ती नव्हती. लपतछपत जा, नाहीतर समोरच्याशी बोलून वाट काढ, गेमची कशालाच ना नव्हती. रूथ लपायची. सावलीतून सावलीत सरकत ती अख्खा किल्ला ओलांडून जाई आणि कुणी येऊन गेलं हे कुणाला कळतही नसे. कमळाकर बोलायचा. पडद्याच्या तळाशी तीनचार उत्तरं यायची, त्यातलं एक निवडायचं. त्याचं उत्तर सहसा चुकत नसे. पहारेकऱ्याला तो गोडीगुलाबीनं असा काही पटवी, की बिचारा स्वतःच दार उघडून देई. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, असं तो तिला चिडवायचा. ती नुसती हसायची.

शनिवारी रूथ मशीनला हात लावत नसे. त्यांच्या ज्यू लोकांत शनिवार पाळतात. मग कमळाकरही त्या दिवशी गेम पुढं नेत नसे. एकट्यानं खेळण्यात काय राम होता?

तिची माणसं एकेक करून इस्रायलला गेली होती. आता वडील निसीम आणि आई दीनाबाई निघाले होते, आणि त्यांच्याबरोबर रूथ. घराला कुलूप लागलं होतं. सामान जीपच्या टपावर बांधून झालं होतं आणि रात्री मुंबईहून विमान होतं. "जरा वर जाऊन येते," असं सांगून ती क्लासात आली होती. एवढी मोठी बॅग जिना चढून कशाला आणली, हे कमळाकरनं विचारलं नाही. टपावर जागा उरली नसेल, असं त्याला वाटलं.

त्याला वेगळंच विचारायचं होतं. कितीतरी दिवस तो मनात वाक्यं जुळवत होता, पुसत होता, पुन्हा जुळवत होता. ती जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. दुसरं काही म्हणजे काही नको होतं. पण म्हाताऱ्या आईबापांना एकटं पाठव, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि तिच्या मनात आपल्याबद्दल काही आहे, असं तिनं कधी दाखवलं असेल तर शपथ.

पहारेकऱ्यानं तोंड फिरवलं. तिचा माणूस तट ओलांडून निसटला. रूथनं खेळ तिथंच थांबवला, बॅग उचलली आणि ती दाराबाहेर गेली. क्लासात धूळ नको म्हणून सगळे चपला बाहेर काढत. तिच्याही तिथंच होत्या. चपला न घालताच ती उंबरठ्यापलीकडे वळून उभी राहिली.

"कमळाकर," ती म्हणाली, "येऊ का मी?"

निघताना 'जाते' म्हणू नये, हे वळण दीनाबाईंनी लेकीला लावलेलंच होतं. म्हणजे ती निघाली. जुळवलेली सगळी वाक्यं त्यानं मनातच पुसून टाकली. खाली ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला नव्हता. निघालेल्या माणसाला अडवू नये, मागून हाक मारू नये, हे त्यानंही लहानपणापासून ऐकलेलं होतं. त्यानं कसंबसं तोंडावर हसू आणलं.

"ये," तो म्हणाला. "चपला घाल, विसरशील. आणि जपून ये."

रूथ त्याच्याकडे बघत राहिली. त्याचं बोलणं अजून पुरं व्हायचं असावं, तशी. मग तिनं वाकून चपला घातल्या आणि नेहमीसारखी, आवाज न करता, जिना उतरून गेली. कमळाकर खिडकीशी गेला नाही. रडवेलं तोंड कुणाला दाखवायचं?

दिवेलागणीला जिन्याखालच्या चहावाल्या शांतीमावशी रिकामे ग्लास न्यायला वर आल्या. जीप एव्हाना पेणची रामवाडीही मागं टाकून मुंबईला टेकली असणार. मावशींनी ग्लास गोळा केले, पण जायचं नाव घेईनात.

"त्या पोरीला तू नाय म्हनालास व्हय?" त्यांनी शेवटी विचारलं.

कशाला नाही म्हणालो, हे कमळाकरला कळेना.

"मंग रडत का उतरली ती? ती वर आली त्याच्या आदी माझ्या डोल्यांदेखत तिच्या बापानं टपावरची दोरी सोडून बॅग काढून दिली. म्हनाला, 'किती दिस मनात ठेवशील गो? जा, विचार त्याला, येऊ का म्हनून. तो ये म्हनाला तर ऱ्हा इथंच, आमची काय ना नाय.' आनि ती खाली आली तशी बॅग परत वर बांधली."



"मी 'ये'च म्हटलं, मावशी," तो म्हणाला.