कॉफीला थांबलेली माणसं

गुहेतल्या तळ्यात डुंबून आलेल्या परदेशी पाहुण्यांच्या मोटार-बग्ग्या चिखल उडवत रोजच्यासारख्या मिलाग्रोस म्हातारीच्या दारी कॉफीला थांबल्या. वाटाड्या यादिएल दारातच थबकला. आत तिचा नवरा एलिहिओ पांढऱ्या चादरीखाली निजवलेला होता. अंगणात मांडलेल्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

"मावशी, कळवायचं तरी! यांना नेतो मी परत."

"नको रे. आपली सगळी पोरं तिकडे किनाऱ्यावर, 'पुंता काना'तल्या हॉटेलांत कामाला, सुट्टी कोण देतंय त्यांना? मयताला आलेल्याला कॉफी द्यायचीच असते. बसव त्यांना."

पाहुणे ओल्या अंगाने खुर्च्यांवर टेकले. कॉफी पीत, हसत-खिदळत बसले.

मिलाग्रोस आत गेली आणि नवऱ्याच्या कानाशी वाकली.

"ऐकतोस ना एलिहिओ? अंगण भरलंय तुझं."