सांडूची पैज

"महिनाभर माझ्या गोठ्यात कडबाकुट्टीचं चाक फिरवा, राजाभाऊ. कंबर मोकळी नाय झाली तर भर चौकात कान धरून उठाबशा काढतो. झाली तर तुम्ही काढायच्या!"

पडेगावच्या सांडूची ही पैज शेजारच्या राजकुमारांनी लगेच घेतली. रिटायर झाल्यापासून त्यांना छावणीच्या मैदानावर गोल्फ खेळायचं लई वेड. पण कंबर अशी आखडलेली, की स्टिक फिरवली की चेंडूआधी "आई गं" निघायचं. जिमवाल्याची फी ऐकून तर ती आणखीच आखडली होती.

महिना सरला. सांडूच्या म्हशी बारीक चारा खाऊन गुबगुबीत झाल्या. राजकुमार मात्र कमरेवर हात ठेवून कण्हतच चौकात आले.

"होती तशीच हाय बुवा. काढ उठाबशा!"

टपरीसमोर सगळी गल्ली जमली. सांडूनं गुमान कान धरले, गुडघे जरासे वाकवले आणि पुन्हा ताठ उभा राहिला.

"ही काय उठाबशी झाली व्हय? पार खाली बस की!"

"पार खाली म्हंजे कसं, राजाभाऊ? आपल्याला नाय जमत."

"सरक तिकडं!" राजकुमारांनी स्वतःचे कान धरले आणि सपासप खाली-वर होऊन दाखवलं. "असं! असं! हे असं!"

गर्दीतून त्यांची बायको रूपा ओरडली, "अहो, मंग सकाळी बुटाच्या नाड्या माझ्याकडून कशाला बांधून घेतल्या?"

राजकुमार कान धरून खाली बसले होते, ते तसेच राहिले.

सांडूनं आपले कान सोडले. "उठा आता, राजाभाऊ. फिटली तुमची पैज."