येतो

भिंतीवर बावीस कागद चिकटवले होते. एकवीस कागदांवर प्रत्येकी साठ नावं, शेवटच्यावर शेहेचाळीस. एकूण एक हजार तीनशे सहा. गेम तयार व्हायच्या आधीच, नुसत्या शब्दावर ज्यांनी पैसे पाठवले, ती ही माणसं. पहिलं नाव प्रभुलिंगचं स्वतःचं. इंटरनेटवर वर्गणीचं आवाहन टाकलं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोणीच फिरकलं नाही, तेव्हा भवानी व्हावी म्हणून त्यानेच शंभर रुपये टाकले होते. एवढ्या नावांपैकी सोळांपुढे लाल पेनाची खूण होती. प्रभुलिंगच्या नावापुढे नव्हती.

रविवार होता. दुपारचे दोन वाजून गेले होते. चार वाजेपर्यंत शंभर खुणा झाल्या तर ऋतुजा सोलापुरात राहणार होती, नाही तर सोमवारी पुण्यात नोकरीवर रुजू. अट तिनेच घातली होती आणि प्रभुलिंगला ती वाजवी वाटली होती. तीन वर्षं दोघांनीच गेम केला. तो कोड लिहायचा, ती गोष्ट आणि संवाद. एकट्याने पुढे रेटण्यासारखं ते काम नव्हतं.

गेममध्ये खेळणाऱ्याने एका मुलाची भूमिका घ्यायची. गावच्या विहिरीचं पाणी कुठे गेलं ते शोधायला हा मुलगा घर सोडतो. पहिल्याच दारात आई म्हणते, "जेवून जा की." आवाज प्रभुलिंगच्या आईचा, चंद्रव्वाचा. तिच्याकडून ते चौदा वेळा बोलून घेतलं होतं; पहिल्या तीन वेळा ती नकळत कन्नडमध्येच बोलली. खाली उत्तराची दोन बटणं, 'येतो' आणि 'थांबतो'. थांबतो म्हटलं की आई वाढते, मुलगा जेवतो आणि गोष्ट तिथेच राहते. 'जातो' असं बटण चंद्रव्वानेच ठेवू दिलं नव्हतं. घरातून निघताना कोणी जातो म्हणतं का, असं तिने विचारलं होतं.

इंग्रजी ऋतुजाने केलं. 'येतो'चं तिने 'आय ॲम कमिंग' केलं. प्रभुलिंगने दोनदा तपासलं. काही खटकलं नाही, कारण दोघांच्याही घरात निघणारा माणूस येतोच म्हणतो.

बाकीच्या जगात मात्र आई जेवायला बोलावत होती, मुलगा आलो म्हणत होता आणि सरळ दाराबाहेर पडत होता. मागे दार बंद व्हायचं, ते पुन्हा उघडत नसे. पहिल्या आठवड्यात दोनशे सत्तेचाळीस अभिप्राय आले. त्यांतले एकशे त्र्याऐंशी या दाराबद्दल. गेम बिघडलेला आहे, वेळ घालवू नका. एकाने लिहिलं होतं की या देशात मुलं आलो म्हणतात आणि पळून जातात. ते वाचून दोघं पोट धरून हसले होते. तेव्हा अजून हसू येत होतं.

गुरुवारी चूक दुरुस्त करून त्यांनी सगळ्यांना पत्र पाठवलं, पुन्हा एकदा उघडून बघा म्हणून. यादीतल्या कोणी गेम उघडला की पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं नाव यायचं, ऋतुजा उठून भिंतीवर खूण करायची. शुक्रवारी अकरा झाल्या. शनिवारी चार. आज एक.

अडीच वाजता ऋतुजाने चार्जरची वायर गुंडाळायला घेतली.

"चारला अजून दीड तास आहे," प्रभुलिंग म्हणाला.

"तासाला छप्पन्न लागतील, प्रभू."

हिशोब बरोबर होता.

तेवढ्यात चंद्रव्वा जिना चढून वर आली. हातातल्या ताटात कडक भाकरी, शेंगाची चटणी, वाटीत दही. तिने ऋतुजाची भरलेली बॅग पाहिली, भिंतीकडे पाहिलं, आणि फक्त बस कितीची आहे ते विचारलं. साडेचारची, ऋतुजा म्हणाली.

"मग लई येळ हाय. जेवून जा की."

सूर तोच होता, जरासुद्धा फरक नव्हता. प्रभुलिंगने मान वर केली. ऋतुजा ताटाकडे बघत उभी राहिली. मग तिने बॅग खांद्याला लावली, वाकून चंद्रव्वाच्या पायाला हात लावला.

"येते, मावशी."

जिन्याला अठरा पायऱ्या होत्या. प्रभुलिंगला अठराही ऐकू आल्या.

चंद्रव्वाने ताट टेबलावर ठेवलं, त्यावर दुसरं पालथं घातलं.

"परत कदी येनार म्हनाली?"

"म्हणाली नाही."

ती खाली गेल्यावर त्याने लाल पेन उचलून बघितलं, पुन्हा ठेवलं. मग गेम उघडला, कोणीही परका माणूस उघडतो तसा, अगदी पहिल्यापासून. मुलगा दाराशी आला. "जेवून जा की," आई म्हणाली. खाली दोन बटणं आली. त्याने 'थांबतो' दाबलं. आई वाढायला बसली. पडद्याच्या कोपऱ्यात यादीतलं पहिलं नाव उमटलं.

चार वाजता भिंतीवर सतरा खुणा होत्या.