सत्तावीस मीटर

"अहो बाई, घर इकडं आहे!" घर विकायला काढलेले मालक ओरडले.

घोरपडेबाई मात्र परसात टेप धरून उलट्या चालत होत्या. शाळेच्या मैदानावर इमारत उठल्यापासून त्यांच्या संघातल्या मुली मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये खो-खो खेळत. तेही लग्नतिथी नसेल त्या दिवशी.

घराच्या भिंतींना टिचक्या मारून बाईंचे यजमान बाहेर आले. "दोनच खोल्या. कौलं गळकी. स्वयंपाकघरात दोघं उभे राहिलो, तर एकाला बाहेर यावं लागेल."

"तुम्ही या. रुंदी भरपूर आहे. लांबी सत्तावीस मीटर लागते."

सव्वीस मीटरवर न्हाणीघराची भिंत आडवी आली. बाई मटकन पायरीवर बसल्या. कऱ्हाडात एवढं मोठं परस पुन्हा निघणार नव्हतं.

यजमानांनी न्हाणीघरात डोकावलं. अख्ख्या घरात तेवढंच धड होतं. सुस्कारा सोडून ते मालकांकडे वळले. "घर घेतलं. पहार आहे का हो? एवढी न्हाणी पाडतो."

"मग अंघोळ कुठं करणार?" कोपऱ्यातली पहार दाखवत मालकांनी विचारलं.

"उघड्यावर. चड्डी घालून."

बाईंनी उठून त्यांच्या पाठीत असा दणदणीत खो दिला, की पासष्टीचे यजमान पहारीकडे धावतच सुटले.